पाण्यातलं गवत : काढायचं की लावायचं?

मित्रांनो, आज एका कोड्यापासून सुरुवात करू या.

नागपूरचा अंबाझरी तलाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. नागपूरकर तर तिथे सहलीला नाही तर रविवारच्या फेरफटक्याला नक्कीच गेले असतील. गेल्या काही वर्षांत या तलावात जलपर्णी पसरली. जाड, चकचकीत पानांची आणि सुंदर जांभळट फुलांची ही वनस्पती पाण्यावर हिरवी सतरंजी अंथरते. ती काढायला माणसं लागली, यंत्रं लागली. काठावर तिचे ढीगच्या ढीग पडले.

आता नागपूरहून पूर्वेकडे निघा. भंडारा ओलांडा आणि गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या बाजूला या. इथल्या तलावांवर एक वेगळंच दृश्य दिसतं. ढिवर समाजातल्या महिला पदर खोचून उथळ पाण्यात उतरतात आणि तळाच्या चिखलात चक्क पाणवनस्पती लावतात. धानाची रोवणी करावी तशी!

आहे की नाही गंमत? एका तलावातली हिरवळ उपसायला पैसे मोजायचे आणि दुसऱ्या तलावात तीच घाम गाळून लावायची. मग यांतलं कोण बरोबर आणि कोण चूक?

उत्तर आत्ताच सांगून टाकतो. दोघंही बरोबर! पण का, हे कळायचं असेल तर तलावाला एक साधा प्रश्न विचारावा लागेल : “बाबा रे, तुझ्याकडे कोण कोणाला खातं?”

सुतळीचं जाळं

समजा, तुमच्या वर्गातली मुलं गोल करून उभी आहेत. प्रत्येकाच्या गळ्यात एकेक पाटी. एक जण सूर्य. एक जण पाण्यात तरंगणारं, डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ. एक जण पाणपिसू, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढी, पाण्यात टुणटुण उड्या मारणारी चिमुकली. मग झिंगा, गोगलगाय, चतुराची अळी, बेडूक, छोटा मासा, मोठी मरळ, खंड्या, बगळा, पाणकावळा. एक जण पाण्याखालचं गवत. आणि अगदी शेवटी, तळच्या चिखलात बसलेला जीवाणू.

आता ज्याला जे खातं, त्या दोघांमध्ये सुतळी बांधायची. शेवाळाला पाणपिसू खाते, बांधा सुतळी. पाणपिसूला छोटा मासा खातो, बांधा. छोट्या माशाला मरळ खाते, खंड्याही खातो, दोन सुतळ्या. बेडकाला बगळा खातो, मरळही सोडत नाही. आणि जो कोणी मरेल, त्याला तळचा जीवाणू कुजवतो आणि त्यातलं खत पुन्हा पाण्यात सोडतो. त्यावर पुन्हा शेवाळ वाढतं.

पाच मिनिटांत वर्गात सुतळीचं असं जाळं होईल की पट्टीवाल्या बाईंनाही दारातून आत येता येणार नाही! पुस्तकात आपण ‘अन्नसाखळी’ शिकतो, पण खऱ्या तलावात सरळ साखळी नसतेच. तिथे असतं अन्नजाळं.

आता एकाच मुलाला हळूच खाली बसायला सांगा. त्याच्या हातातल्या सुतळ्या ओढल्या जातील. ज्यांना हिसका बसला, त्यांनीही खाली बसायचं. बघता बघता गोलातली निम्मी मुलं खाली बसलेली दिसतील. तलावाचंही असंच असतं. धक्का एकाला बसतो, पण हिसका दूरवर पोचतो.

मरळ आणि नितळ पाणी

हा हिसका किती दूर जातो, त्याचं एक उदाहरण बघा. तलावातल्या सगळ्या मरळी पकडून नेल्या, तर पाणी हिरवं होईल का?

“छे! मरळ थोडीच शेवाळ खाते?” असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण मरळ छोट्या माशांना खाते. मरळ गेली की छोटे मासे वाढले. छोटे मासे वाढले की त्यांनी पाणपिसवा फस्त केल्या. पाणपिसवा संपल्या की शेवाळ खायला कोणी उरलं नाही. आणि शेवाळ माजलं की पाणी हिरवंगार!

ही नुसती कल्पना नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांच्या सीमेवर काही छोटी तळी आहेत. त्यांतल्या एका तळ्याचं नाव आहे ट्यूजडे लेक, म्हणजे मंगळवार तलाव. आपल्या नागपुरात जसा शुक्रवारी तलाव आहे ना, तसाच! १९८५ साली शास्त्रज्ञांनी शेजारच्या तळ्यातले मोठे शिकारी मासे आणून या मंगळवार तलावात सोडले आणि इथले छोटे मासे तिकडे नेले. मग काय झालं? मंगळवार तलावात मोठ्या पाणपिसवा वाढल्या आणि शेवाळ कमी झालं. पाण्याला कोणी गाळलं नव्हतं की त्यात औषध टाकलं नव्हतं. फक्त कोण कोणाला खातं, ते बदललं होतं.

आता पाण्याखालच्या गवताचं काम ध्यानात येईल. दिवसा छोटे मासे शिकारीला निघतात, तेव्हा पाणपिसवा याच गवतात दडून बसतात. मासे याच गवताला अंडी चिकटवतात. पिल्लं इथेच लपतात, इथेच वाढतात. गवताची मुळं चिखल धरून ठेवतात, म्हणून पाणी गढूळ होत नाही. दिवसा उजेडात हे गवत पाण्यात प्राणवायू सोडतं, आणि शेवाळाला मिळालं असतं ते खत स्वतःच खाऊन टाकतं. थोडक्यात, तलावाचा पाळणा तेच, तलावाची शाळा तेच आणि तलावाचा सफाई कामगारही तेच!

हिरवी सतरंजी येते कुठून?

मग अंबाझरीची जलपर्णी काय वाईट? तीसुद्धा हिरवीच आहे की!

थोडा इतिहास बघू. अंबाझरी हा नागपुरातला सर्वांत मोठा तलाव. भोवतालच्या आमराईवरून त्याला हे नाव पडलं. नाग नदीच्या पाण्यावर तो १८७० साली बांधला गेला आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ शहराला नळाचं पाणी त्यानेच पाजलं. पण शहर वाढलं. तलावाच्या वरच्या अंगाला वस्त्या आणि कारखाने उभे राहिले. त्यांचं सांडपाणी उतारावरून तलावाकडेच येणार!

सांडपाण्यात घाण असते हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट असते. ती म्हणजे खत. शेतात आपण पैसे देऊन जे फॉस्फरस आणि नायट्रोजन टाकतो, तेच मैलापाण्यात, खरकट्यात, कपडे धुण्याच्या काही पावडरींत आणि निर्माल्यातही असतं.

या खताची करामत कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी १९७३ साली दाखवली. तिथे दूर जंगलात प्रयोगासाठीच राखून ठेवलेले तलाव आहेत. त्यांना नावंही नाहीत, नुसते नंबर. त्यांतला २२६ नंबरचा तलाव मधे चिंचोळा होता, डमरूसारखा. डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या चिंचोळ्या जागी प्लॅस्टिकचा भलामोठा पडदा लावून तलावाचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन टाकलं, पण एका भागात त्याशिवाय फॉस्फरसही टाकलं. काही आठवड्यांत विमानातून फोटो काढला, तर पडद्याच्या एका बाजूला गर्द पाणी आणि दुसऱ्या बाजूला जणू वाटाण्याचा रस्सा! तो फोटो जगभर गाजला. तलावांत जाणारं फॉस्फरस रोखायला हवं, हे लोकांना एका चित्रात पटलं.

आता हा रस्सा माशांना कसा मारतो, ते बघा. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं. पण रात्री सूर्य नसतो, तेव्हा तेही आपल्यासारखं फक्त श्वास घेतं. शिवाय मेलेलं शेवाळ कुजवणारे जीवाणू प्राणवायू ओढत असतातच. पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू तळाला जातो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडू लागतात. तलावात मासे मरून तरंगल्याच्या बातम्या आपण वाचतो ना? पुष्कळदा त्या सकाळी सकाळीच कळतात, त्याचं एक कारण हे आहे. माशांना कोणी विष घातलेलं असतंच असं नाही. त्यांचा श्वास कोंडलेला असतो.

अशा खतावलेल्या पाण्यात जलपर्णी आली की तिची चंगळच! ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. फुलं छान दिसतात म्हणून माणसांनीच ती देशोदेशी नेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती भारतातही आली. भरपूर खत मिळालं तर दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते. तिच्या मायदेशी तिला कुरतडणारे खास भुंगे आहेत. इथे मात्र तिला खाणारं असं कोणीच नव्हतं. म्हणजे आपल्या खेळात एक मुलगा असा आला की ज्याला एकही सुतळी बांधलेली नाही! त्याला कोण आवरणार? ती पाण्यावर तरंगून ऊन अडवते. खालचं गवत अंधारात मरतं. आणि गवत मेलं की त्याच्या आसऱ्याला असलेले सगळेच निराधार होतात.

म्हणून जलपर्णी काढायलाच हवी. पण नुसती ती काढून काम भागत नाही, हेही आता तुमच्या लक्षात आलं असेल. सांडपाणी येतच राहिलं तर जेवणाचं ताट वाढलेलंच आहे. एक पाहुणा उठवला, तर दुसरा येऊन बसेल!

मोठ्या तलावाची मोठी चूक

“आमचा तलाव केवढा मोठा आहे, त्याला काय होतंय?” असं म्हणणाऱ्यांनी आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया तलावाकडे बघावं. हा तलाव महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शापेक्षाही मोठा आहे. त्यात शेकडो जातींचे छोटे रंगीत मासे होते, जगात दुसरीकडे कुठेच न सापडणारे. कोणी शेवाळ खाणारे, कोणी गोगलगाई फोडणारे, कोणी किडे टिपणारे.

१९५० नंतरच्या दशकात तिथे नाईल पर्च नावाचा मासा बाहेरून आणून सोडला गेला. हा माणसाएवढा वाढणारा खादाड शिकारी. हेतू चांगलाच होता, लोकांना मोठे मासे मिळावेत. काही वर्षं तो बिचकत राहिला. मग १९८० च्या सुमारास त्याची संख्या एकदम उसळली. छोट्या माशांच्या सुमारे दोनशे जाती नाहीशा झाल्या असाव्यात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. शेवाळ खाणारे घटले आणि काठावरून खत येतच होतं. नितळ पाणी हिरवं झालं. पुढे तिथेही जलपर्णी आली आणि होड्या तिच्यात रुतू लागल्या. शेवटी तिच्या मायदेशातले भुंगे आणून तिच्यावर सोडावे लागले.

मोठ्या माशांचा धंदा जोरात चालला, हेही खरं. पण तलाव आजारी पडला.

मामाचा नव्हे, मामा तलाव!

आता पुन्हा आपल्या विदर्भात येऊ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून सुमारे सात हजार जुने तलाव आहेत. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी, गोंड राजांच्या काळापासून ते बांधले गेले आणि ते बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. धानाला आणि उसाला पाणी द्यायचं म्हणून हे तलाव. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात.

पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात राहिले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून त्यांचं नाव ‘माजी मालगुजारी तलाव’. लोकांनी त्याचं सुटसुटीत केलं : मामा तलाव!

पण मामांची तब्येत बिघडत गेली. गाळ साचला. काठांवर बेशरम माजली. नाव ऐकून हसू नका, या झुडपाला आपल्याकडे खरंच बेशरम म्हणतात. कितीही उपटा, पुन्हा उगवते! तीही परदेशी, आणि गुरंसुद्धा तिला तोंड लावत नाहीत. शेतांतली रासायनिक खतं आणि औषधं पावसाबरोबर तलावात उतरली. जास्त उत्पन्नासाठी कतला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडलं गेलं. कुठे पाण्यातलं गवतच फस्त करणारा गवत्या मासा आला, कुठे चिखल उकरून पाणी गढूळ करणारा सिप्रिनस आला. पाण्याखालचं गवत विरळ झालं. आणि मरळ, शिंगी, मागूर असे इथले मूळचे मासे जाळ्यात येईनासे झाले.

याचा पहिला फटका कोणाला बसला? ज्यांचं पोट तलावावर होतं त्या ढिवरांना. तलाव डोळ्यांसमोर भरलेला, पण जाळं रिकामं! मग तलावाकाठचा मासेमार कामाच्या शोधात शहराकडे निघतो.

पण या समाजाजवळ एक खजिना होता. कोणता मासा कोणतं गवत खातो, कोण कुठे अंडी घालतो, कोणतं गवत कुठल्या तलावात अजून शिल्लक आहे, हे सगळं जुन्याजाणत्यांना तोंडपाठ होतं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने हे ज्ञान गोळा केलं आणि गावातल्या मासेमार संस्थांना बरोबर घेऊन काम सुरू केलं. अर्जुनी मोरगावजवळच्या एका तलावात आधी करून पाहिलं.

काय केलं? उन्हाळ्यात बेशरम मुळासकट खणून काढली. तलावाचा कोरडा, टणक झालेला तळ नांगरून मऊ केला. चांगल्या तलावांतून हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया अशा पाण्याखाली वाढणाऱ्या आणि पाण्यावर पानं पसरणाऱ्या इथल्याच वनस्पती आणल्या आणि त्या लावल्या. काही भागात मासेमारी बंद ठेवली. मग वाट पाहिली.

गवत रुजलं. गवतात किडे आले, गोगलगाई आल्या. त्यांच्यामागून इथले मूळचे मासे परतले आणि माशांमागून पक्षी आले. जाळ्यात पुन्हा वजन लागू लागलं. एका तलावातलं बघून दुसऱ्या गावांनी हे काम उचललं आणि त्यात महिला पुढे झाल्या. सुतळी तुटली होती तिथेच त्यांनी पुन्हा गाठ मारली होती!

तलावाची नाडी कशी बघायची?

डॉक्टर नाडी बघतात, जीभ बघतात. तलावाची तब्येतही अशीच बघता येते. पाण्यावर पसरलेल्या पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी चालतोय का? काठच्या काडीवर चतुर बसतोय का? खंड्याने सूर मारल्यावर त्याच्या चोचीत काही येतं का? जितके वेगवेगळे खाणारे, तितकं जाळं मजबूत.

यांत सगळ्यांत रुबाबदार पाहुणा म्हणजे सारस. हा माणसाएवढा उंच पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदिया आणि शेजारच्या भंडाऱ्यातच दिसतो. तलावातले कंद, धानातले किडे, बेडूक, गोगलगाई असा त्याचा आहार. म्हणजे तलाव आणि शेत दोन्ही निरोगी असतील तरच सारसाची जोडी घरटं बांधणार. मारुती चितमपल्ली यांनी नवेगावला वनाधिकारी असताना या पाखरांचं, तलावांचं आणि त्यांची नावं जाणणाऱ्या माणसांचं जग मराठीत आणलं. त्यांची पुस्तकं शाळेच्या ग्रंथालयात जरूर शोधा.

करून पाहा

१. पांढरी चकती : १८६५ साली अँजेलो सेकी या इटालियन शास्त्रज्ञाने समुद्रात पांढरी चकती सोडून पाण्याचा नितळपणा मोजला. तुम्हीही करू शकता. डब्याचं मोठं पांढरं झाकण घ्या. मधे भोक पाडून दोरी ओवा, खाली दगड बांधा. दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारा. घाटावरून चकती पाण्यात सोडा. ती दिसेनाशी झाली की भिजलेल्या गाठी मोजा. दर महिन्याला एकदा मोजा आणि वहीत लिहा. एका वर्षात तलाव तुम्हाला आपली गोष्ट सांगेल. पण एक अट : आईबाबा किंवा शिक्षक बरोबर हवेतच. एकट्याने पाण्याजवळ जायचं नाही!

२. दोन बाटल्या : तलावाचं पाणी दोन पारदर्शक बाटल्यांत भरा. एकीत कुंडीत टाकतो ते खत चिमूटभर टाका. दोन्ही बाटल्या खिडकीत उजेडाला ठेवा आणि पंधरा दिवस रोज बघा. रंग कोणत्या बाटलीचा बदलतो? झाला की नाही तुमचा घरचा ‘२२६ नंबरचा तलाव’! पाण्याला हात लावला तर साबणाने धुवा आणि शेवटी ते पाणी झाडांना घाला.

आणि एक काम आईबाबांसाठी. पूजेचं निर्माल्य तलावात जाणार नाही, ते कुंडीतल्या खतात जाईल, आणि घरचा गणपती तलावाऐवजी कृत्रिम टाकीत किंवा घरच्या बादलीत विसर्जित होईल, एवढं ठरवून टाका.

तर मित्रांनो, कोडं सुटलं ना? गवत काढायचं की लावायचं, हे गवताकडे बघून ठरत नाही. त्याला कोण खातं, त्याच्या आसऱ्याला कोण राहतं, ते कोणाचं ऊन अडवतं, हे बघून ठरतं. अंबाझरीला जलपर्णी काढणारे हात हवेत आणि सांडपाणी अडवणारे हातही हवेत. अर्जुनी मोरगावला गवत लावणारे हात आधीच कामाला लागले आहेत.

तुमच्या गावच्या तलावाला, बोडीला किंवा धरणाला काय हवंय? पुढच्या रविवारी काठावर जा, अर्धा तास शांत बसा आणि कोण कोणाला खातंय ते बघा. वही न्यायला मात्र विसरू नका!